क्लच दाबला की कुईं कुईं? गिअरबॉक्स खाली उतरवायच्या आधी हे करून बघा

क्लच पेडल दाबलं की कुईं, सोडलं की परत कुईं. ट्रॅफिकमधे तर प्रत्येक गिअरला. सुरुवातीला आपण दुर्लक्ष करतो, मग गाणी मोठ्याने लावतो, आणि मग एक दिवस शेजारी बसलेला माणूस विचारतो की काय रे गाडीत उंदीर आहे का, तेव्हा कुठे आपण मनावर घेतो. माझ्या गाडीत हा प्रकार दोन-अडीच महिने चालू होता. दर आठवड्याला पेडलच्या मुळाशी स्प्रे मारायचो, चार दिवस शांतता, पाचव्या दिवशी परत तेच. शेवटी एका गॅरेजमधे दाखवली तर तिथे सांगितलं क्लच गेलाय, गिअरबॉक्स उतरवून अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. मी म्हटलं बघतो आणि घरी आलो. इंजिन बंद करून नुसतं हाताने पेडल दाबलं, तर तोच आवाज, तितकाच मोठा. इंजिन बंद असताना आत काहीच फिरत नाही, मग फिरणारं बेअरिंग ओरडेल कसं? शेवटी निघाला काय तर पेडलचा प्लॅस्टिकचा बुश (बोल्टभोवतीची छोटी नळी), नखाएवढ्या जाडीचा.

तर पहिली गोष्ट, हातात स्प्रेचा डबा घ्यायच्या आधी आवाज नक्की कुठून येतोय ते शोधायचं. यात आळस केला की रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आधी थोडक्यात आत काय असतं ते, कारण हे डोक्यात असेल तर पुढचं सगळं सोपं जातं. तुम्ही पेडल दाबता, पेडल वर एका बोल्टवर (पिव्होटवर) झुलतं, त्या बोल्टभोवती नायलॉनचे किंवा प्लॅस्टिकचे बुश असतात, शेजारी एक स्प्रिंग असते. पेडलला जोडलेली एकतर केबल असते किंवा मास्टर सिलिंडरचा पुशरॉड. केबल असेल तर ती फायरवॉलमधून (केबिन आणि इंजिनमधला पत्रा) थेट गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपर्यंत जाते, हायड्रॉलिक असेल तर मास्टर सिलिंडर पाइपमधून फ्लुइड ढकलतो आणि खाली स्लेव्ह सिलिंडर पुढचं काम करतो. मग फोर्क (गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेला काट्यासारखा दांडा) हलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, ते बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर, म्हणजे डायाफ्राम स्प्रिंगवर दाब देतं आणि क्लच प्लेट सुटी होते. म्हणजे पायापासून प्लेटपर्यंत कमीत कमी सहा-सात ठिकाणी काहीतरी कशावर तरी घासतंय आणि यातली निम्मी ठिकाणं गिअरबॉक्सला हात न लावता दिसतात.

इंजिन बंद ठेवून

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला. काचा वर, एसीचा पंखा बंद, फोन बाजूला. मॅट काढून टाका, कारण मॅटची कड पेडलच्या मागे अडकून कुईं करते आणि लोक क्लच बदलायला निघतात, हसू नका, होतं असं. बूट पण बघा, रबरी सोल ओल्या पेडलवर घासला की हुबेहूब तोच आवाज येतो.

आता पायाने नाही, खाली वाकून हाताने पेडल दाबा. पायाने दाबताना आपण झटक्यात दाबतो आणि कान लांब असतो. हाताने अगदी हळू, तीन-चार सेकंद घेऊन पूर्ण खाली, तितक्याच हळू वर. आवाज प्रवासाच्या कुठल्या भागात येतो ते लक्षात ठेवा. अगदी सुरुवातीला टक किंवा चिक असा बारीक आवाज आला तर बहुतेक वेळा क्लच स्विच (पेडल दाबलंय हे गाडीला सांगणारा) असतो, त्याचं बटण पेडलच्या पत्र्यावर घासतं. पूर्ण प्रवासभर सलग कुईंईंई म्हणजे बुश किंवा स्प्रिंगचा हूक. मधेच एका ठिकाणी पेडल हलकं होतं आणि तिथेच आवाज येतो असं असेल तर ती मदतीची स्प्रिंग असते (ओव्हरसेंटर स्प्रिंग), तिच्या टोकांवरची प्लॅस्टिकची टोपी झिजते.

मग दुसऱ्या हाताचं बोट एकेका जागेवर ठेवा. पिव्होट बोल्टच्या डोक्यावर, स्प्रिंगच्या हुकावर, पुशरॉड जिथे पेडलला पिनने जोडलाय तिथे. आवाज फसवतो, पत्र्यातून प्रवास करतो, पण बोटाला लागणारी थरथर सहसा फसवत नाही. मला हेच कळायला दोन महिने लागले. बोट पिव्होटवर ठेवल्या ठेवल्या सुतारपक्ष्याने टोचल्यासारखं लागलं आणि विषय संपला.

आता एखाद्याला पेडल दाबायला बसवा आणि तुम्ही बॉनेट उघडून ऐका. कारण इंजिन बंद असतानाचा आवाज म्हणजे कायम केबिनमधलाच असं नाही. फोर्क आणि तो ज्या गोळीवर टेकून हलतो ती पिव्होट बॉल, ही दोन्ही इंजिन बंद असताना पण हलतात आणि कोरडी पडली की बेलहाऊसिंगच्या (क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं तोंड) आतून जुन्या दाराच्या बिजागरीसारखी करकरतात. आवाज पायापाशी मोठा की फायरवॉलपाशी की खाली गिअरबॉक्सपाशी, एवढं ठरलं तरी निम्मी लढाई झाली. रबरी पाइपचा मीटरभर तुकडा घ्या, एक टोक कानाला, दुसरं टोक संशयित जागेजवळ. डॉक्टरचा स्टेथोस्कोप काही वेगळं करत नाही.

इंजिन चालू करून

बंद इंजिनवर काहीच आवाज नाही आणि चालू केल्यावरच येतो, तर मामला फिरणाऱ्या भागाचा. इथे कुईं ऐवजी चीं-चीं-चीं अशी इंजिनच्या लयीत येणारी किंवा सलग घरघर असते. आधी फॅन बेल्ट बाजूला काढा, म्हणजे यादीतून हो, गाडीतून नाही. बेल्टचा आवाज क्लच दाबल्याने सहसा बदलत नाही, रेस दिल्यावर बदलतो.

न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन आयडलिंगला, पाय पेडलवरून पूर्ण काढलेला. आता तीन शक्यता.

पाय काढलेला असताना शांत, पेडल थोडं दाबून फ्री प्ले (पेडलचा सुरुवातीचा मोकळा प्रवास) संपला की आवाज सुरू आणि जास्त दाबलं की वाढतो: रिलीज बेअरिंग. लोड आला की ओरडतं. काही गाड्यांमधे हे बेअरिंग कायम पाकळ्यांना हलकं टेकूनच फिरत असतं, त्यामुळे तिथे आवाज सुरू होत नाही तर बदलतो, पाय नुसता हलका टेकवला की चिवचिव बंद होते असंही होतं. तेव्हा बेअरिंग किंवा सैल झालेला फोर्क यापैकी एक धरून चाला.

उलटा प्रकार, म्हणजे पाय काढलेला असताना घरघर आणि क्लच पूर्ण दाबून दोन-तीन सेकंदात शांत: तो क्लच नाहीच, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून गिअरबॉक्समधे शिरणारा दांडा) बेअरिंग आहे. क्लच दाबला की शाफ्ट थांबतो म्हणून आवाज थांबतो. इथे लोक सर्रास क्लच बदलतात आणि गाडी बाहेर आली की आवाज जसाच्या तसा. अशा वेळी सगळ्यात आधी गिअर ऑइलची लेव्हल बघा.

तिसरा, क्लच पूर्ण दाबून गिअर टाकून उभं असताना किंकाळी, सिग्नलला वगैरे: पायलट बेअरिंग असू शकतं, क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या टोकाला बसलेलं छोटंसं. पण पुढची चाकं ओढणाऱ्या आणि आडवं इंजिन असलेल्या बऱ्याच गाड्यांमधे हे बेअरिंग नसतंच, त्यामुळे कोणी तुमच्या छोट्या हॅचबॅकचं पायलट बेअरिंग गेलंय म्हणाला तर दाखवा म्हणावं.

आणि क्लच सोडताना नेमक्या बाइटच्या जागी (जिथे क्लच पकडायला लागतो) कुरकुर, सोबत गाडी थरथरते, तर प्लेट घासून गुळगुळीत झालीय किंवा तिच्यावर तेल आलंय. ग्रीस मारून सुटणारा हा प्रकार नाही.

आता स्प्रे आणि ग्रीसबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात

डब्ल्यूडी-४०, म्हणजे मी मारत होतो तो स्प्रे, हे ग्रीस नाही. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं, आणि चाळिसाव्या फॉर्म्युल्याला जमलं म्हणून ४०, हे १९५३ सालचं आहे. गंजलेला बोल्ट सोडवायला, घाण काढायला एक नंबर. पण झिजणाऱ्या सांध्यावर ते टिकत नाही, उलट जे काही जुनं ग्रीस शिल्लक होतं तेही धुऊन नेतं, म्हणून चार दिवसांनी आवाज पहिल्यापेक्षा मोठा येतो. मी दोन महिने स्वतःच स्वतःच्या बुशचं ग्रीस धूत बसलो होतो.

धातूवर धातू असेल, उदाहरणार्थ स्प्रिंगचा हूक किंवा पुशरॉडची पिन, तर पांढरं लिथियम ग्रीस. प्लॅस्टिक किंवा रबर असेल तर सिलिकॉन ग्रीस. मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरच्या रबरी सीलजवळ साधं पेट्रोलियमवालं ग्रीस चुकूनही नको, ब्रेक फ्लुइडमधे चालणारं ते रबर फुगतं आणि सील जातं, तिथे रबर ग्रीस म्हणून वेगळं मिळतं तेच. नेमकं काय कुठे हे कळत नसेल तर पेडलपाशी सिलिकॉन ग्रीस वापरा, निदान नुकसान करणार नाही. स्प्रे मारणार असाल तर खाली जुनं फडकं पसरा आणि ब्रेक पेडलचं रबर झाकून घ्या. सिलिकॉन लागलेल्या ब्रेक पेडलवरून पाय कसा सटकतो ते रस्त्यावर कळण्यात मजा नाही.

पेडलचा बुश बदलणं

हे घरी होतं. तासा-दीड तासाचं काम, त्यातला पाऊण तास स्टिअरिंगखाली उलटं पडून शिव्या घालण्यात जातो. सीट पूर्ण मागे घ्या, टॉर्च डोक्याला बांधायचा असेल तर उत्तम, मी तोंडात धरला होता आणि लाळ गळत होती. गुडघ्यापाशी एअरबॅग असेल किंवा डॅशबोर्डचं पॅनल काढावं लागत असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि पिवळ्या वायरला हात लावू नका.

कुठलीही गोष्ट काढायच्या आधी फोटो. स्प्रिंगचा तर दोन बाजूंनी, कारण ती उलटी पण बसते आणि उलटी बसली की पेडल वरच येत नाही. स्प्रिंग ताणलेली असते, पक्कडीने धरून काढा, चेहरा लाइनीत ठेवू नका. मग पुशरॉडच्या पिनची क्लिप काढा, ती उडून कार्पेटखाली जाते आणि सापडत नाही, म्हणून एका हाताचा खोलगट तळवा तिच्याखाली. क्लच स्विचचा कनेक्टर काढा. मग पिव्होट बोल्टचा नट. इथे एक बघून घ्या, काही गाड्यांमधे एकाच लांब बोल्टवर क्लच आणि ब्रेक दोन्ही पेडलं असतात, बोल्ट ओढला की ब्रेकचं पेडल पण हातात येतं. तसं असेल आणि हात बसलेला नसेल तर इथेच थांबून मेकॅनिकला बोलवा, ब्रेकशी प्रयोग नकोत.

पेडल बाहेर आलं की बुश बोटाने फिरवून बघा. चांगला बुश गोल असतो. माझा एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने कागद झालेला, वरून उभा चिरलेला, आणि बोल्टवर त्याचीच काळी पूड चिकटलेली होती. भोक गोल न राहता अंड्यासारखं झालं होतं आणि पेडल आडवं हलवलं की बोटभर डुगडुगत होतं, जे मी गाडी जुनी झाली म्हणून सोडून दिलं होतं. असा बुश असेल तर ग्रीस भरून काही होत नाही, नवीनच घाला. बोल्ट आणि पाइप कोरड्या फडक्याने लख्ख पुसा, बोल्टवर खरवड पडली असेल तर तोही बदला नाहीतर तो बोल्ट नवीन बुशला खाऊन टाकेल. बुशच्या आत-बाहेर पातळ थर ग्रीस, ढीग नको, ढिगाला धूळ चिकटते आणि त्याची घासणी बनते. उलट क्रमाने बसवा. नट कसल्यावर पेडल स्वतःच्या वजनाने मोकळं हलायला हवं, आवळून जाम झालं तर बुशची मधली नळी नीट बसलेली नाही. स्विचचा कनेक्टर लावायला विसरू नका, बऱ्याच गाड्या त्याशिवाय स्टार्टच होत नाहीत आणि आपण बॅटरीला दोष देत बसतो.

केबल

केबलवाल्या गाडीत पेडल दाबताना फक्त आवाज नाही तर खरखरीतपणा पायाला लागतो. गिअरबॉक्सकडचं टोक काढून आतली तार हाताने मागेपुढे करा. सहज सरकली पाहिजे. हल्लीच्या बहुतेक केबलला आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असतं, त्यात तेल ओतलं की धूळ धरते आणि अजून जड होते, त्यामुळे जड झालेली केबल बदलायची, पाजायची नाही. टोकाला एक जरी तार तुटून काट्यासारखी बाहेर आली असेल तर थांबू नका, ती केबल पुढच्या आठवड्यात भर चौकात तुटणार. नवीन केबल टाकल्यावर फ्री प्ले बघा. साधारण १० ते २५ मिमी असतो, पण नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या, आणि सेल्फ अॅडजस्टिंग केबल असेल तर मॅन्युअलमधे दिलेली पद्धतच, आपली अक्कल नाही. फ्री प्ले शून्य ठेवला तर बेअरिंग कायम दाबलेलं राहतं, म्हणजे एक आवाज घालवून दुसरा विकत घेतला.

हायड्रॉलिक

पुशरॉड मास्टर सिलिंडरमधे जिथे शिरतो तिथलं रबरी बूट (धुळीसाठीचं रबरी आवरण) वर करून बोट फिरवा. ओलं लागलं तर सील गळतंय, मास्टर सिलिंडर बदलायचा. कोरडं आहे पण आतून बेडकासारखा आवाज येतो, तर फ्लुइड किती जुनं आहे ते बघा. चहासारखं काळपट झालं असेल तर बदलून, हवा काढून घ्या, कधी कधी तेवढ्याने जातं. कुठलं फ्लुइड ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुतेक ठिकाणी डॉट ३ किंवा डॉट ४, पण मिनरल ऑइलवर चालणाऱ्या सिस्टिमही असतात आणि त्यात ब्रेक फ्लुइड गेलं की सगळी सीलं बाद. ब्रेक फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग सोलतो. खाली स्लेव्ह सिलिंडरचा दांडा फोर्कला जिथे टेकतो त्या खळग्यात ग्रीसचा एक ठिपका लावला की आवाज गेला असंही होतं, आणि हे बघायचं कोणाला सुचत नाही.

फोर्क, बेअरिंग आणि गिअरबॉक्स उतरवायची वेळ

फोर्क जिथून बेलहाऊसिंगबाहेर येतो तिथे रबरी बूट असतं. ते सरकवून टॉर्च मारली तर काही गाड्यांमधे पिव्होट बॉल दिसते. लांब नळीने तिथे ग्रीसचा अगदी थोडा स्प्रे मारता येतो. थोडा म्हणजे खरंच थोडा, तो उडून प्लेटवर गेला तर क्लच स्लिप व्हायला लागेल आणि मग खरोखर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मी हे फक्त निदान म्हणून करतो: मारल्यावर आवाज गेला तर दोषी सापडला, कायमचा उपाय मात्र आत जाऊनच. फोर्कऐवजी काही गाड्यांमधे स्लेव्ह सिलिंडर आणि बेअरिंग एकत्रच इनपुट शाफ्टभोवती बसलेले असतात, तिथे बाहेरून काहीच करता येत नाही.

गाडी जॅकवर उचलून गिअरबॉक्स उतरवणं घरी करू नका असं मी सांगेन. वजन फार असतं, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं तर नाहीच नाही. पण गॅरेजमधे देताना काही गोष्टी बोलून घ्या. बेअरिंग, प्लेट आणि प्रेशर प्लेट एकत्रच बदलायची, कारण महाग असते ती मजुरी, आणि एवढं उघडून जुनं बेअरिंग परत बसवणं म्हणजे वेडेपणा. फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट ज्याच्यावर दाबली जाते ते इंजिनचं जड चाक) निळे डाग किंवा भेगा आहेत का ते तुमच्या डोळ्यांनी बघा. क्रँकचं मागचं ऑइल सील पाझरतंय का बघायला हीच एक संधी असते. पिव्होट बॉल झिजून चपटी झाली असेल तर तीही नवीन. इनपुट शाफ्टच्या खाचांवर ग्रीस अगदी पातळ, जास्तीचं पुसून काढलेलं. आतली काळी धूळ हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका, जुन्या गाड्यांच्या लायनिंगमधे अॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसलेलं बरं. आणि जुने पार्ट मागून घ्या. जुनं बेअरिंग हातात धरून फिरवा, खडखडलं किंवा अडकत फिरलं तर निदान बरोबर होतं. गुळगुळीत, आवाज न करता फिरलं तर मात्र दोष दुसरीकडेच असण्याची शक्यता जास्त, गाडी ताब्यात घ्यायच्या आधी परत ऐका.

घाई कशात करायची हेही सांगतो. पेडलच्या बुशची कुईं महिनोन्महिने चालते, फक्त डोकं उठतं. घरघर दर आठवड्याला वाढत असेल, पेडल खाली गेलं की वर यायला वेळ लावत असेल, गिअर टाकताना खर्रर होत असेल किंवा टाकीतलं फ्लुइड कमी होत असेल तर थांबू नका. बऱ्याच गाड्यांमधे ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, म्हणजे प्रश्न ब्रेकचाही असतो.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल वीस-पंचवीस वेळा दाबा, मग चालू करून न्यूट्रलमधे, मग एक छोटी चक्कर, आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना पहिल्या दाबाला. प्लॅस्टिक आणि रबर थंडीत कडक असतं, लपलेला आवाज तेव्हाच बाहेर येतो. आणि चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, नाहीतर वर्षभरात यावेळी खरोखरच बेअरिंग ओरडेल.